कुकर ठाण्यातच राहू द्या: तैवानला मुलांकडे जाणाऱ्यांसाठी तातुंगच्या भांड्याचा रिव्ह्यू

ठाण्याहून, वाशी-नेरुळहून तैवानला महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या आई-बाबांचा मुक्काम बहुतेक वेळा शिंचूला नाहीतर तैपेईला असतो. शिंचूचं सायन्स पार्क १९८० पासूनचं. चिपच्या कंपन्या तिथेच, त्सिंग हुआ विद्यापीठही जवळच, त्यामुळे आपली मुलं नोकरीला किंवा पीएचडीला त्या बाजूला असतात. बॅगा भरायला घेतल्या की पहिला वाद कुकरवरून होतो. तीन लिटरचा न्यायचा की पाचचा, रिंग जास्तीची घ्यायची का, वजनात बसेल का. आमचं मत सरळ आहे: कुकर घरीच राहू द्या. मुलाच्या किंवा लेकीच्या ओट्यावर तातुंगचं विजेचं भांडं बहुधा आधीच असतं. नसेल तर पहिल्या आठवड्यात घेऊन टाका आणि त्यात वरण-भात लावायला शिका.

तातुंग ही तैवानची जुनी कंपनी. हे भांडं तिने १९६० साली जपानच्या तोशिबाच्या तंत्रावर बाजारात आणलं, आणि त्याचं रूप आजही जवळपास तेच आहे: गोल पोट, दोन बाजूंना काळे कान, झाकणाला काळी मूठ, पुढे खाली एक खटका. रंग हिरवा, लाल किंवा पांढरा. आपल्याकडे परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत कुकर जातो, तसं तैवानी मुलांच्या बॅगेत हे भांडं जातं. दुकानात ‘दा-थोंग दिएन-कुओ’ म्हटलं की कुणालाही कळतं.

आई-बाबांच्या दृष्टीने याचा सगळ्यात मोठा गुण वेगळाच आहे. तैवानच्या घरात वॉशिंग मशिनपासून एसीच्या रिमोटपर्यंत सगळ्यावर चिनी अक्षरं असतात. मुलं कामावर गेली की दिवसभर घरात असलेल्या माणसाला साधं दूध गरम करायलाही फोनचा कॅमेरा धरून भाषांतर बघावं लागतं. नव्या पद्धतीचे डिजिटल राइस कुकर तर पंधरा बटणांचे असतात. तातुंगला एक खटका आहे. खाली दाबला की चालू, आपोआप वर आला की झालं. वाचायचं काही नाहीच. सत्तरीच्या आजींना पहिल्या दिवशी जमतं.

काम कसं चालतं ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. भांडी दोन. बाहेरचं भांडं म्हणजे बुडाशी तापणारी तबकडी असलेलं कवच, आणि त्यात बसणारं आतलं सुटं भांडं. आतल्या भांड्यात अन्न आणि अन्नाचं पाणी. बाहेरच्या भांड्यात, थेट तबकडीवर, मापाच्या पेल्याने घातलेलं वेगळं पाणी. खटका दाबला की हे बाहेरचं पाणी उकळतं आणि वाफ आतल्या भांड्याला चहूबाजूंनी वेढते. जोवर पाणी आहे तोवर तबकडी शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटलं की ती झपकन तापते आणि तिला लागलेला थर्मोस्टॅट खटका सोडतो. ‘टक्क’ असा स्पष्ट आवाज येतो, शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

म्हणजे इथे वेळ मोजायची ती पाण्यात. सोबतच्या मापाच्या पेल्याने, जो साधारण १८० मिलीचा असतो, एक पेला पाणी म्हणजे १५ ते २० मिनिटं. अर्धा पेला म्हणजे दहाएक मिनिटं, दोन पेले म्हणजे पाऊण तासाच्या आत. आपण शिट्ट्या मोजतो, तिथे पेले मोजतात. तो प्लॅस्टिकचा पेला हरवला तर दुसरा कुठलाही चालेल, पण मग त्याचं माप एकदा बघून ठेवा. ‘वाटीभर पाणी’ म्हटलं की प्रत्येक वाटीगणिक वेळ बदलते.

भात. तैवानचा रोजचा तांदूळ आखूड, गोल दाण्याचा आणि चिकट असतो. त्याला ‘फंग-लाय’ म्हणतात. तो दोन-तीन पाण्यांनी धुवा, तांदळाइतकंच पाणी आत घाला, बाहेर एक पेला. खटका वर आल्यावर लगेच झाकण काढू नका, दहा-पंधरा मिनिटं तसाच मुरू द्या. ही मुरवणी चुकवली तर वरचा थर कोरडा आणि तळचा गिच्च लागतो. आपण सोबत नेलेल्या कोलमला आत पावणेदोन पट पाणी लागतं, बासमतीला अर्धा तास भिजवून दीडपट. बाहेरचा पेला एकच. कुकरच्या सवयीने फंग-लायला दुप्पट पाणी घातलं तर लापशी होते. पहिल्या आठवड्यातली ही सगळ्यांची चूक. मऊ दहीभातासाठी मात्र हाच तांदूळ छान.

वरणाला थोडा धीर लागतो, कारण इथे दाब नाही. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, इथे ते शंभरच्या पुढे सरकत नाही. म्हणून तूरडाळ कडकडीत पाण्यात तासभर भिजवायची, एका पेल्याला आत अडीच पेले पाणी, हळद, हिंग, चमचाभर तेल, आणि बाहेर दोन पेले. खटका वर आला की बाहेर आणखी एक पेला पाणी घालून पुन्हा दाबायचा. हे दुसऱ्या वेळचं पाणी गरमच घाला. गारेगार ओतलं तर सगळं भांडं थंडावतं आणि डाळ अर्धवट टणक राहते. एकूण तास धरा. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच. आंबटात डाळ शिजायला फार वेळ घेते. झाली की रवीने घुसळा, डावाने दाबून ती कुकरच्या डाळीसारखी एकजीव होत नाही.

खरं तर रोजच्यासाठी तुरीचा आग्रह सोडलेला बरा. तूर फक्त भारतीय किराण्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते, आणि मुलांना ती आठवड्याला मागवावी लागते. त्याउलट सालं काढलेली मूगडाळ, ‘लू-तोउ-रन’, कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात मिळते, कारण तिथे तिचं गोड करतात. अर्धा तास भिजवली की बाहेरच्या दीड पेल्यात मेणासारखी शिजते. मुगाचं साधं वरण आणि फंग-लायचा मऊ भात, वर तूप-मीठ-लिंबू, हे जेवण तातुंगमध्ये इतकं सुरेख होतं की त्यासाठी कुकर नेण्याचं काहीच कारण उरत नाही. आतलं भांडं भाताचं, त्यावर छिद्रांची ताटली, ताटलीवर डाळीचा छोटा स्टीलचा डबा असं दोन्ही एकदम लावता येतं. फक्त झाकण पुरतं बसलं पाहिजे. बसलं नाही तर वाफ बाहेर जाते, पाणी लवकर आटतं आणि खटका दहा मिनिटांतच वर येतो. कुकरचे डबे न्यायचे असतील तर आधी मुलाला भांड्याचा आतला व्यास पट्टीने मोजायला सांगा.

राजम्याबद्दल सावध. नुसता भिजवून थेट तातुंगमध्ये लावू नका. कच्च्या राजम्यातलं एक द्रव्य पोट बिघडवतं आणि ते घालवायला जोरदार उकळी लागते. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, शेगडीवर दहा मिनिटं खळखळून उकळा, आणि मग तातुंगमध्ये तीन-चार पेले. छोल्यांनाही चार पेले लागतात. मोड आलेल्या मुगाला एकच पुरतो.

भाज्यांसाठी सकाळचा बाजार गाठा, सुपरमार्केटपेक्षा तिथे आपल्या ओळखीचं जास्त दिसतं. दुधी असतो, घोसाळी मुबलक असतात, कारली असतात पण बरीचशी पांढरी आणि कमी कडू. भाव किलोचा नसतो, ‘थाय-चिन’चा असतो आणि एक थाय-चिन म्हणजे ६०० ग्रॅम. जांभळी नाक्यावर भाजी घेणारी नजर किलोच्या हिशेबाने भाव वाचते आणि सगळं स्वस्त वाटतं. चिनच्या भावाला सहाने भागून दहाने गुणा, म्हणजे किलोचा भाव कळेल. घोसाळ्याची मूगडाळ घालून भाजी तातुंगमध्ये अप्रतिम होते: भिजलेली डाळ, चिरलेली घोसाळी, मीठ, आत पाणी अजिबात नाही, बाहेर एक पेला. घोसाळ्यालाच इतकं पाणी सुटतं की डाळ त्यात शिजते.

फोडणी मात्र या भांड्यात होत नाही. पाणी न घालता दाबलं तर तबकडी दोन-तीन मिनिटांत तापून खटका सोडते, मोहरी तडतडायच्या आधीच. भाड्याच्या एका खोलीच्या घरात गॅस नसतो, इंडक्शन असते, आणि आपलं छोटं कढलं इंडक्शन ओळखतच नाही: बूड लहान, आणि ॲल्युमिनियमचं असेल तर प्रश्नच नाही. तिथेच मोठ्या बुडाचं लोखंडी किंवा चुंबक चिकटेल असं स्टीलचं पॅन घ्या, ते तिरकं न धरता बूड झाकेल इतकं तेल घाला आणि फोडणी एकदम चार दिवसांची करून बाटलीत भरून ठेवा. लसूण-कढीपत्ता घातलेली असेल तर ती फ्रिजमध्येच.

कुकर आणि यातला आम्हाला सगळ्यात जाणवणारा फरक संध्याकाळी दिसतो. मुलगा किंवा सून साडेसात-आठला घरी येते आणि दहा-साडेदहाला झोपायची वेळ होते. भेटीला आलेल्या माणसाच्या वाट्याला मुलांची दिवसाची हीच दोन-अडीच तासांची वेळ असते. ती जर आईने ओट्याशी शिट्ट्या ऐकत घालवली तर एवढ्या लांब येऊन काय मिळालं? तातुंगला राखण लागत नाही. पाच वाजता मुगाची डाळ भिजत घाला, सव्वासहाला भात-डाळ एकत्र लावा, सातला टक्क होतं आणि भांडं स्वतःच गरम ठेवत बसतं. सगळे टेबलाशी बसले की झाकण काढायचं, बस्स. तैपेईत सोसायटीला कचराखोली नसेल तर संध्याकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीलाही ठरलेल्या वेळी खाली जावं लागतं. पिशवीही ठरावीक, विकतचीच लागते. २००० सालापासून तसा नियम आहे. बुधवारी आणि रविवारी गाडी येत नाही. उरलेलं अन्न वेगळ्या बादलीत ओततात. बाबांनी लेकाबरोबर ती पिशवी घेऊन खाली उभं राहावं, शेजारी तिथेच भेटतात. तलावपाळीच्या फेरीइतकी नसली तरी तीही फेरीच.

गरम ठेवण्याची मर्यादा लक्षात असू द्या. भात दोन तासांपर्यंत चांगला राहतो, मग तळाशी पिवळा आणि कडक होऊ लागतो. वरण रात्रभर त्यात ठेवू नका, तिथली हवा मुंबईइतकीच दमट आहे. काही भांड्यांना गरम ठेवण्याचं वेगळं बटण असतं, काहींना नसतं, आणि ही बिनबटणाची भांडी प्लग लावलेला असेपर्यंत ऊब देत राहतात. काम झालं की प्लग काढा.

गणपतीच्या दिवसांत तिथे असाल तर मोदकांसाठी पीठ घेताना एक चूक टाळा. तांदळाचं पीठ दोन प्रकारचं असतं आणि पुड्या शेजारी-शेजारी असतात. ‘त्साय-लाय मी-फन’ म्हणजे पूर्वापार लांब दाण्याच्या तांदळाचं, आपल्या कामाचं. ‘नुओ-मी-फन’ म्हणजे चिकट तांदळाचं. त्याची उकड हातालाच चिकटते आणि मोदक वाफेवर पसरून बसतात. घरी पोहोचल्यावर कळतं, म्हणून पुडीचा फोटो दुकानातूनच लेकीला पाठवा. त्साय-लायचं पीठ अगदी बारीक आणि कोरडं असतं, वाटीला सव्वा वाटी पाणी घ्या. त्यात चमचाभर चिकट पीठ मिसळलं तर पारी कमी तडकते. बाहेर एक पेला गरम पाणी, छिद्रांच्या ताटलीवर ओलं फडकं, वाफ धरल्यावर मोदक ठेवा, बारा मिनिटं. झाकणाला कोरडं फडकं बांधा, नाहीतर झाकणावरचे थेंब मोदकांवर पडतात आणि कळ्या विरघळतात.

अंड्यांची एक तैवानी युक्ती अवश्य करून बघा. स्वयंपाकघरातला जाड कागदी टॉवेल, दोन थर, पूर्ण भिजवून बाहेरच्या भांड्यात तबकडीवर पसरा, त्यावर अंडी ठेवा, झाकण, खटका. वेगळं पाणी नाही. टक्क झालं की काही मिनिटं तसंच ठेवा, अंडी उकडलेली असतात आणि सालही सहज निघतं.

आता बिघाड. सर्वात जास्त वेळा होतं ते म्हणजे बाहेरचं पाणी घालायचं विसरणं. खटका लगेच वर येतो, तांदूळ कच्चा. यात भांडं खराब होत नाही, पाणी घालून पुन्हा दाबा. दुसरं, डाळ उतू जाणं. आतलं भांडं अर्ध्याच्या थोडं वरपर्यंतच भरा. फेस बाहेर सांडला तर तबकडीवर जळतो, तो थर थर्मोस्टॅटला फसवतो आणि मग खटका कधी लवकर तर कधी उशिरा सुटतो. तिसरं, तबकडीवर पांढरा क्षार साठतो. त्यावर घासणी घासू नका. दोन पेले पाण्यात चमचाभर लिंबूफूल घालून उकळी आणा, प्लग काढा, कोमट झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा. महिन्यातून एकदा पुरतं. बाहेरचं कवच नळाखाली कधीच धरू नका, खटका आणि तारा तळाशीच आहेत.

वाफेचा चटका हा याचा खरा धोका. शिट्टीसारखी सूचना नसते आणि वाफ झाकणाच्या कडेने येत राहते. झाकण काढताना आपल्यापासून दूरच्या बाजूने आधी तिरकं करा. आतल्या भांड्याला कान नसतात, ते फडक्याने उचलायला जाऊ नका, बाजारात मिळणारी पकड घ्या. वर लाकडी कपाट असेल तर भांडं पुढे ओढून ठेवा. महिनाभराच्या वाफेने कपाटाचा सनमायका फुगतो आणि घरमालक डिपॉझिटमधून पैसे कापतो. वीज ११० व्होल्टची असल्याने तेवढ्याच वॅटला करंट आपल्यापेक्षा दुप्पट लागतो, म्हणून तातुंग आणि इंडक्शन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

कोणतं घ्यावं? दोघांच्या घरात सहा माणसांचं पुरेल असं वाटतं, पण आई-बाबा आले की ते लहान पडतं आणि डबे बसत नाहीत. ११ माणसांचं घ्या. आतलं भांडं ॲल्युमिनियमचं की स्टीलचं ते विचारा. आमटी, चिंच, आमसूल हे रोजचं असलेल्या घरात स्टीलचंच हवं, थोडे पैसे जास्त गेले तरी. पाणी दिसणाऱ्या काचेच्या झाकणाचा मोह आवरा, आपटून फुटतं.

परत येताना ते ठाण्यात आणायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. इथे थांबा. तैवानची वीज ११० व्होल्ट, आपली २३०. भांडं तापवणारी तार तीच असल्याने दुप्पट व्होल्टेजला ती चौपटीहून जास्त वीज खेचते. ७०० वॅटचं भांडं ३००० वॅटच्या पुढे जातं आणि काही क्षणांत जळतं. चपट्या पिनांवर बसणारा स्वस्तातला अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. हीच गोष्ट उलट दिशेनेही: घरचा मिक्सर तिथे नेला तर पातं कसंबसं फिरतं आणि नारळ तसाच राहतो. मिक्सर नेऊ नका. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, दाण्याची चटणी इथूनच करून न्या. हापूसची पेटीही नेऊ नका, प्रवाशाबरोबर ताजी फळं तैवानमध्ये चालत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात.

तरीही आणायचंच असेल तर दोन मार्ग. एक, २३० चे ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, लॅमिंग्टन रोडला मिळतो. ७०० वॅटच्या भांड्याला किमान १००० व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं माप), १५०० चा असेल तर निर्धास्त. तो काही किलोंचा असतो, गुणगुणतो, आणि ओट्यावर त्याला कोरडी जागा लागते. दुसरा, परदेशी विक्रीसाठी काढलेलं २२० व्होल्टचं तातुंग; ते आपल्या विजेवर थेट चालतं. दुकानदार काय म्हणतो त्यावर जाऊ नका. भांडं उलटं करा, तळाच्या पट्टीवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो, तो स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या.